चार कोटी आकड्यांची मूळ संख्या न लिहिता कशी ओळखायची

आमच्याकडे गुहागरला पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, मग भाचा पडवीत बसून डोकं खातो. परवा म्हणाला, मामा ती २०२४ मध्ये सापडलेली मोठी मूळ संख्या लिहून दाखव ना, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. म्हटलं बाबा, सेकंदाला एक आकडा लिहिलास, जेवला नाहीस झोपला नाहीस तरी सव्वा वर्ष पुरायचं नाही. पण न लिहिता बरंच काही काढता येतं.

शेवटचा आकडा सगळ्यात सोपा. २ चे घात २, ४, ८, ६ असे संपतात आणि परत तेच. घाताचे शेवटचे दोन आकडे ४१, त्याला ४ ने भागा, बाकी १, म्हणजे पहिला, २. त्यातून १ गेला, राहिला १. झालं.

आकडे किती ते मोजायला घाताला ०.३०१०३ ने (हा २ चा लॉग, म्हणजे १० चा कितवा घात केला की २ येतात तो आकडा) गुणा, अपूर्णांक सोडा आणि १ मिळवा. इथे मी फसलो, ४,१०,२४,३२१ आले, एक जास्त!! घात एवढा मोठा की पाच दशांश पुरत नाहीत, ०.३०१०२९९९५६६ घेतलं तेव्हा बरोबर ४,१०,२४,३२० आले.

आता खरी गंमत, मूळ आहे का ते तपासायचं. आधी घात स्वतः मूळ पाहिजे, नाहीतर पुढे जाऊच नका (घात १५ घेतलात तर ३२७६७ ला ७ ने भाग जातोच). मग ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, परत वर्ग, परत तेच, असं घातापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी ० आला तर मूळ. याला लुकास-लेमर चाचणी म्हणतात.

घात ७ घेऊन बघा, संख्या १२७, पाच वेळा करायचं. ४ चे १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४४८७ ची ४२, मग १७६२ ची १११, आणि १२३१९ ला १२७ ने बरोब्बर ९७ वेळा भाग जातो, बाकी ०. भाचा ओरडलाच. त्या मोठ्या संख्येलाही हेच, फक्त १३,६२,७९,८३९ वेळा, तिथे कॉम्प्युटरच लागतो.

बाकी चुकवू नका, एक चुकली की पुढचं सगळं वाया, मी दोनदा खोडलंय. जमलं की घात ११ करा, ११ मूळ आहे म्हणून २०४७ पण मूळ असेल असं वाटतं, पण नऊ वेळा केल्यावर १७३६ उरतात, कारण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.