पायाचं सिमेंट ठरवण्याआधी माती-पाणी तपासून घ्या

अकोला-अमरावती-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात घर बांधताय? मग ‘कुठलं सिमेंट?’ हा प्रश्न दुकानदाराला नाही, प्रयोगशाळेला विचारा. पायाच्या खोलीवरची माती आणि बोअरचं पाणी, दोन्ही द्या. रिपोर्टमध्ये सल्फेटचा आकडा मागा आणि क्लोराइडचाही.

सल्फेट पाण्यातून काँक्रीटमध्ये मुरतं, सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावतं आणि एट्रिंजाइट नावाचे स्फटिक तयार होतात. ते फुगतात, काँक्रीट आतून तडकतं. वर्षं जातात, मग एक दिवस कॉलमच्या बुडाशी हातोडीनं टकटक केली की बद्द आवाज येतो आणि कोपरा बिस्किटासारखा हातात येतो. (भिंतीवरचा पांढरा लोणा म्हणजे दरवेळी हेच असं नाही, घाबरू नका.)

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे मातीत सल्फेट (एसओ३ म्हणून मोजलेलं) ०.२ टक्क्यांच्या वर गेलं की काळजी सुरू. ०.५ ते १ टक्का असेल तर सल्फेटरोधक सिमेंट घनमीटर काँक्रीटला किमान ३३० किलो, पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० च्या आत. पीपीसी (बहुधा राख मिसळलेलं सिमेंट) किंवा स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) वापरणार असाल तर ३५० किलो आणि ०.४५.

क्लोराइडही जास्त निघालं, तर सल्फेटरोधक सिमेंटचा हट्ट सोडा. त्यात ॲल्युमिनेट कमी, म्हणून क्लोराइड बांधून ठेवायची ताकदही कमी, सळई गंजते. तिथे ५० टक्क्यांहून जास्त स्लॅग असलेलं सिमेंट बरं.

आणि मिस्त्री ‘माल घट्ट होतोय’ म्हणून बादलीभर पाणी ओतायला लागला, तर त्याचा हात धरा.