शरदातल्या रात्री आणि भीतीचे पिक्चर: दरवर्षी परत कसे बघायचे

भीतीचा पिक्चर एकदाच बघायचा असतो, शेवट कळला की संपला विषय, असं म्हणणारे खूप जण भेटतात आणि मला ते अजिबात पटत नाही. पहिल्यांदा बघताना आपण नुसते दचकत असतो, डोळ्यांवर हात, उशी तोंडाशी, अर्धा पिक्चर तर बघायचाच राहून जातो. भीती नक्की कुठून येते, आवाजातून का अंधारातून का एखाद्या माणसाच्या नुसत्या बघण्यातून, ते कळतं दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला. म्हणून पितृपक्ष ते दिवाळी या काळात ठरलेले काही पिक्चर दरवर्षी परत बघायचे, ही सवय लावून घ्या असं मनापासून सांगते.

हाच काळ का, तर नाशिकपुरतं कारण एकदम साधं आहे, पंखा. ऑक्टोबरचं ऊन दिवसा भाजून काढतं पण कोजागिरीच्या पुढे रात्री गार पडायला लागतात, पंखा बंद होतो आणि खोली एकदम शांत होते, आणि हॉररमधलं निम्मं काम तर आवाजच करतो ना. बाहेरच्या देशांतल्या याद्यांमध्ये ऑक्टोबर असतो तो 31 तारखेच्या हॅलोवीनमुळे आणि त्यांच्या पानगळीमुळे. आपल्याकडे पानं गळतात फेब्रुवारी-मार्चला, शरदात तर अंजनेरी नि ब्रह्मगिरी हे इथले डोंगर अजून हिरवेगार असतात, तेव्हा त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. गंमत म्हणजे 1978 चा जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' सुद्धा शूट झाला कॅलिफोर्नियात ऐन वसंतात, गळलेली पानं रंगवून टाकली होती आणि शॉट झाला की गोळा करून परत वापरायची. आता परत बघाल तेव्हा मागची झाडं बघा, मस्त हिरवी दिसतात.

आधी निवड कशी करायची ते सांगते. एकच कसोटी लावा, शेवट माहीत असताना पिक्चर जास्त भीतीदायक होतो का कमी. नुसत्या धक्क्यावर चालणारे बरेचसे पिक्चर इथेच गळतात, मांजर उडी मारते, दार आपटतं, एकदा झालं की झालं. पण काही पिक्चर शेवट कळल्यावर वेगळेच होऊन जातात. रामगोपाल वर्माचा 'कौन' घ्या, 1999 चा, अनुराग कश्यपने लिहिलेला, एक घर, बाहेर पाऊस, उर्मिला, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंग, एकही गाणं नाही. शेवट सांगणार नाही कारण कोणीतरी असेलच ज्याने बघितला नाहीये, पण दुसऱ्यांदा बघताना मनोजच्या बडबडीकडे लक्ष देऊ नका, उर्मिला कुठल्या प्रश्नाला काय उत्तर देते आणि कुठल्या प्रश्नाला देतच नाही, तेवढंच बघत बसा. पूर्ण वेगळा पिक्चर दिसतो, शप्पथ.

आता कुठला कधी. पितृपक्षात 'तुंबाड', याला पर्याय नाही. 2018 चा, राही अनिल बर्वेचा. तेव्हा परतीचा पाऊस अधूनमधून असतो, रामकुंडावर श्राद्धाची गर्दी असते, घरात आजी-पणजीची नावं निघत असतात आणि पिक्चरमध्येही पूर्वजांनी मागे ठेवलेलं काय आपल्या वाट्याला येतं हेच चाललेलं असतं. ज्यांचं बालपण जुन्या नाशकातल्या तिवंधा किंवा तांबट लेनकडच्या वाड्यांत गेलंय त्यांना ते अंधारे जिने, ती माजघरं वेगळी सांगायला नकोत. नारायण धारपांच्या कथेतून त्याचं बीज आलं आणि नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून, म्हणजे हिंदीत बोलत असला तरी पिक्चर आतून आपलाच आहे. गोष्ट 1918, 1933 आणि 1947 अशी तीन टप्प्यांत जाते आणि पहिल्या वेळी सगळं लक्ष हस्तरकडे, म्हणजे त्यातल्या शापित देवाकडे जातं, साहजिक आहे. परत बघताना हस्तरला सोडा आणि नायकाच्या, विनायकच्या घराकडे बघा. तुंबाडहून सोनं आणायच्या प्रत्येक फेरीनंतर घरात काय नवीन येतं, बायकोशी बोलणं कसं बदलतं, आणि पोरगा पांडुरंग बापाकडे कसा बघतोय. पांडुरंगचं काम करणाऱ्या मोहम्मद समदनेच मेकअप करून ती साखळदंडातली म्हातारी पण केलीय, हे माहीत असलं की तो पोराचा नि म्हातारीचा एकच चेहरा डोक्यातून जात नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये हा परत थेटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, त्यातले कितीतरी लोक दुसऱ्यांदाच बघायला आलेले होते. परत कधी मोठ्या पडद्यावर लागला तर घरी बघू नका, जाच.

नवरात्रात शांत पिक्चर लावायच्या भानगडीत पडू नका. कालिकेची यात्रा, कॉलनीतला दांडिया, स्पीकर, त्यात कुजबुज काय ऐकू येणार. हे दिवस थ्रिलरचे, ज्यात गोष्ट बोलण्यावर चालते. 2 ऑक्टोबर साधारण याच दिवसांच्या आगेमागे येतो, तेव्हा निशिकांत कामतचा 'दृश्यम' लावायचाच, 2015 चा. साळगावकर कुटुंबाने 2 तारखेला काय केलं ते आपल्याला तोंडपाठ असतं, म्हणून यावेळी साक्षीदारांकडे बघा, कंडक्टर, लॉजवाला, थेटरातला माणूस. विजय, म्हणजे त्या घरातला बाप, त्यांच्याशी खोटं फार कमी बोलतो, फक्त तारीख त्यांच्या डोक्यात हळूच बसवतो. मूळ मल्याळम 2013 चा आहे, जीतू जोसेफचा, तोही बघा, त्यात तारीख 2 ऑगस्ट आहे. अजून एखादी रात्र असेल तर यश चोप्रांचा 1969 चा 'इत्तेफाक', राजेश खन्ना आणि नंदा, त्या काळात बिनगाण्याचा हिंदी पिक्चर काढायला काय हिंमत लागली असेल विचार करा.

कोजागिरीला जागायचं असतंच, मसाला दूध आटवून गच्चीवरून खाली आलात की वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' लावा, 1976 चा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर, आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. आजच्या पोरांना हा हळू वाटेल, वाटू दे. 'रात्रीस खेळ चाले' हे सुधीर मोघ्यांचं गाणं त्याच नावाच्या मालिकेमुळे सगळ्यांना माहितीय पण पिक्चरमध्ये ते ऐकलेलं कितीजणांनी आहे? गाणं चांदण्याचं आहे, अंधाराचं नाही, आणि म्हणूनच पौर्णिमेच्या रात्री ते जास्त अंगावर येतं. आई-वडील, काका-मावशी सोबत असतील तर फारच छान, नरसूच्या भुताला लहानपणी कोण किती घाबरलं होतं हे त्यांच्याकडून ऐकायला मिळतं. त्याच रात्री जागायची ताकद असेल तर 1949 चा 'महल' जोडा, निदान 'आएगा आनेवाला' पर्यंत तरी. लताबाईंना म्हणे माइकपासून लांब उभं केलं होतं आणि गात गात जवळ यायला सांगितलं होतं, तेव्हा यंत्रांची सोय नव्हती ना, म्हणून अंतर पायाने आणलं. हेडफोन लावून ऐका, आवाज खरंच चालत येतो.

कोजागिरी ते वसुबारस हे बाराएक दिवस सगळ्यात भारी. थंडी नुकती लागलेली, स्पीकर बंद, फटाके अजून सुरू व्हायचेत. 'कौन' इथे. विशाल फुरियाचा 'लपाछपी' पण इथेच, 2017 ला थेटरात आलेला, पूजा सावंत आणि उषा नाईक. उसाच्या मळ्यातलं घर आणि पोटुशी बाई, बस, एवढ्यावर पिक्चर उभा आहे. निफाडकडे उसातून जाणाऱ्या रस्त्याने कोणी संध्याकाळचं गेलं असेल तर माहितीय की चार फुटांवरचं काही दिसत नाही, फक्त पात्यांची सळसळ. शेवटी यातलं भूत हे भूत नाहीच मुळी, मुलगी नको म्हणणारी माणसं आहेत, आणि ते कळून परत बघताना उषा नाईकांचं प्रत्येक प्रेमाचं वाक्य अंगावर काटा आणतं. त्यांनी खाऊ घातलेला एकेक घास बघवत नाही. हिंदीत याचा 'छोरी' झाला 2021 ला, तो नंतर बघा.

आणि 1960 चा 'सायको'. यात एक प्रयोग करा, बाथरूमचा सीन आधी आवाज पूर्ण बंद करून बघा, मग आवाजासकट. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी केलं, आणि पिक्चरभर फक्त तंतुवाद्यं वापरली. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. हे सगळं माहीत असूनही भीती वाटते, उलट जास्तच वाटते.

आता घरातली तयारी. टीव्हीचा भडक रंगांचा व्हिव्हिड मोड काढून सिनेमा मोड लावा आणि मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग, बंद करा, नाहीतर 'तुंबाड' सुद्धा मालिकेसारखा दिसतो. खोलीत ट्यूब नको, स्क्रीनसमोर झीरोचा बल्ब पण नको, काळ्या रंगात त्याचं प्रतिबिंब दिसतं. अगदीच अंधार सहन होत नसेल तर टीव्हीच्या मागे छोटा दिवा ठेवा. व्हॉल्यूम सुरुवातीला हळू आवाजातल्या बोलण्यावर सेट करा आणि रिमोट लांब ठेवा, भीती वाटायला लागली की आवाज कमी करायची फार सवय असते आपल्याला. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि ते सबटायटल ज्यात दार करकरतंय, पावलं वाजतायत असं लिहून येतं ते नकोत, आवाजाच्या आधी अक्षरं दिसली की संपलं. नुसत्या संवादांचे निवडा.

सोबत कोण हेही ठरवा. पहिल्यांदा बघणारा एक माणूस हवाच, आपल्याला शेवट माहितीय आणि त्याला नाही, त्याचा चेहरा बघण्यात वेगळीच मजा असते, फक्त 'आता बघ, आता बघ' म्हणायचं नाही. लहान पोरं असतील तर महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला' पासून सुरू करा, 1993 चा, रामदास पाध्यांचा बाहुला आणि लक्ष्या, हसत हसत घाबरतात पोरं. 'लपाछपी' मात्र त्यांना दाखवू नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्या वर्षी तो बाजूला ठेवा.

एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त नको, भीती बोथट होते. वसुबारसेपर्यंत जे राहतील ते त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालतील, तोपर्यंत नाशकात रजई निघालेली असते आणि फटाकेही थांबलेले असतात.