गुरुवारची तालीम

पुण्यात पाणी बंद राहायचं असलं की ते बहुतेक गुरुवारी राहतं. पर्वती, वडगाव, लष्कर जलकेंद्रांच्या दुरुस्तीची बातमी मंगळवार-बुधवारी येते आणि तिचं शेवटचं वाक्य आपल्याला पाठ आहे : शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारचीच. हा गुरुवार मी कामाला लावला आहे. महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी सात ते संध्याकाळी सात आमचं घर नळ, वीज आणि गॅस तिन्ही नसल्यासारखं चालतं. त्या बारा तासांत जे अडतं ते वहीत लिहायचं आणि पुढच्या गुरुवारच्या आत सोडवायचं. सहा वर्षांत ती वही निम्मी भरली. इथे सांगते आहे ते सगळं त्या वहीतलं आहे.

आम्ही अरण्येश्वरला तळमजल्यावर राहतो, आंबील ओढ्यापासून दोन गल्ल्या आत. घरात मी, नवरा, मुलगा आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडचं पाणी ओढ्यात मावेना. आमच्याकडे ते दारातून आलंच नाही, आधी न्हाणीघराच्या जाळीतून वर आलं, काळं आणि वास मारणारं. पंधरा मिनिटांत गुडघ्याला लागलं. इन्व्हर्टर जमिनीवर ठेवलेला, तो सगळ्यात आधी गेला. फ्रिज आडवा झाला आणि नवऱ्याचं इन्सुलिन त्यातच राहिलं. रात्र वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे काढली, नऊ माणसांनी, एका फिल्टरच्या पाण्यावर.

सासूबाई तिथे पहाटे म्हणाल्या, "तेव्हाही बुधवारच होता गं." तेव्हा म्हणजे १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या, नारायण पेठेत. त्यांच्या आजोबांनी देवघरातले देव उचलले, आईने तान्हा भाऊ घेतला, वडिलांनी दुकानाच्या चोपड्या घेतल्या. खडकवासलाही फुटलं होतं, त्यामुळे पूर ओसरल्यावर नळ कोरडे. पुढे कितीतरी दिवस त्या घागर घेऊन वाड्यातल्या विहिरीच्या रांगेत उभ्या होत्या. म्हणून आमच्याकडे तयारीची सुरुवात पाण्यापासून होते.

पाणी

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरा. चौघांचे तीन दिवसांचे ४८ लिटर. वीस-वीस लिटरचे दोन जार आणि एक कळशी, एवढंच. जार नवे आणा, फिनाईल किंवा रंगाचे जुने डबे धुऊन वापरू नका. हे पाणी बुधवारी रात्री भरायचं. आधीचं शिळं पाणी ओतून टाकायचं नाही, ते धुण्याला आणि कुंड्यांना जातं. असं फिरतं ठेवलं की "जारमधलं पाणी कधीचं आहे?" हा प्रश्नच उरत नाही.

वापरायच्या पाण्याचं पिंप वेगळं. आमचं शंभर लिटरचं निळं पिंप आहे, घट्ट झाकणाचं. इथे डेंग्यूकडे लक्ष हवं. त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून काथ्याने घासायचं आणि कोरडं करून भरायचं. हे मात्र मी दर गुरुवारी करते, महिन्यातून एकदा नाही.

शौचालयाला लागणारं पाणी माणसं हिशोबात धरतच नाहीत. जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा लिटर जातात, बादलीने जोरात ओतलं तर पाच-सहात भागतं. कपडे विसळलेलं पाणी त्यासाठी राखून ठेवा.

वीज गेली की आर.ओ. बंद. म्हणून आमचा जुना स्टीलचा कँडलवाला फिल्टर मी माळ्यावरून खाली काढला. गढूळ पाणी आधी चौपदरी सुती कापडाने गाळायचं, तुरटी फिरवून तासभर निवळू द्यायचं, वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं आणि खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळत ठेवायचं. गॅस नसेल तर मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. टाकून अर्धा तास थांबायचं.

आणि तळमजलेवाल्यांनो, हे ऐकाच. पूर ओसरल्यावर जमिनीखालच्या टाकीची मोटर लावू नका. आमच्याकडे २०१९ ला सकाळी कोणीतरी घाईने बटण दाबलं आणि टाकीत शिरलेलं ओढ्याचं पाणी गच्चीवरच्या टाकीत गेलं. सगळ्या इमारतीचं पाणी बिघडलं. त्या पाण्यात मैला असतो, गाड्यांचं तेल असतं, ते उकळूनही पिण्याजोगं होत नाही. दोन्ही टाक्या उपसून, गाळ काढून, ब्लीचिंग पावडरने घासून, धुऊन मगच नवं पाणी भरायचं.

नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर

दोन्हींची तयारी वेगळी असते. मुठेचा पूर सांगून येतो. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडणार ते जाहीर होतं, नदीपात्रातल्या बुटक्या भिडे पुलाकडे बघूनही अंदाज येतो. तरी जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांना पहाटे झोपेतच पाण्याने गाठलं, म्हणून नदीकाठच्यांनी विसर्गाचा आकडा रात्री झोपण्याआधी बघावा. ओढा कोणालाच सांगत नाही. तिथे आपली खूण आपण ठरवायची. आमची खूण न्हाणीघराची जाळी. जाळीत गुडगुड आवाज आला की कोणाची वाट न बघता चार गोष्टी, याच क्रमाने :

एक, मेन स्विच बंद. हात कोरडे आणि पायात रबरी चपला हव्यात. पाणी स्विचबोर्डापर्यंत पोचलं असेल तर त्याला हातही लावायचा नाही, सरळ वर जायचं.

दोन, गॅसचा रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडरला टोपी लावायची आणि तो खिडकीच्या गजाला दोरीने बांधायचा. सिलिंडर पाण्यावर तरंगतो. आमचा तरंगत जाऊन ओट्यावर आपटत होता, तो आवाज मी विसरलेले नाही.

तीन, कमोडमध्ये आणि जाळीवर वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दाबून बसवायच्या. मी जाड पिशव्या दुहेरी करून भरून ठेवल्या आहेत, न्हाणीघराच्या दारामागेच.

चार, दाराची पिशवी उचलायची आणि सासूबाईंना घेऊन निघायचं.

इन्व्हर्टर आता साडेतीन फूट उंच लोखंडी घोडीवर आहे. कागदपत्रं, धान्य, औषधं यांतलं काहीही कमरेच्या खाली ठेवायचं नाही.

दाराची पिशवी

मुलाची जुनी शाळेची सॅक, दाराजवळच्या खुंटीला. आत झिपच्या प्लास्टिक पाकिटात आधार, रेशनकार्ड, विम्याचे कागद, घराच्या करारनाम्याची प्रत. मूळ करारनामा बँकेच्या लॉकरमध्ये आहे. सात दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, चष्म्याची जुनी जोडी, सासूबाईंच्या कवळीची डबी आणि कानाच्या मशीनचे सेल. सॅनिटरी पॅड. टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक. तीन हजार रुपये, दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटांत. नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत आणि पाचशेची नोट मोडून द्यायला कोणाकडे सुट्टे नसतात, हे त्या गुरुवारी दुधाच्या पिशवीसाठी कळलं.

गोळ्या सॅकमध्ये कायमच्या ठेवायच्या नाहीत. नवीन पाकीट आलं की ते सॅकमध्ये, सॅकमधलं रोजच्या डब्यात.

इन्सुलिनचं सांगते, कारण विचारणारे खूप असतात. वीज गेली तर आधी फ्रिज उघडणं बंद करा, चार तास तरी गारवा टिकतो. वापरायला काढलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला चार आठवड्यांपर्यंत चालतं, पण ३० अंशांच्या वर नको. तुमच्या पेनच्या कागदावर काय लिहिलंय ते आजच वाचा. आमच्या एप्रिल-मेच्या दुपारी खोली तीसच्या खाली राहत नाही. तेव्हा मोठ्या कुंडीत ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात कोरड्या डबीतली पेनं, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारा लागेल असं. एका मेमधल्या गुरुवारी थर्मामीटर ठेवून पाहिलं, मडक्यात खोलीपेक्षा सहा अंश कमी भरलं. पावसाळी दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. इन्सुलिन थेट बर्फाला मात्र कधी टेकवू नका, गोठलं की ते वाया गेलं.

फडताळ

संकटासाठी म्हणून वेगळं काही विकत आणू नका. ते खाल्लं जात नाही आणि किडतं. जे घरात रोज खाल्लं जातं तेच दोन आठवड्यांचं जास्त ठेवा, नवं मागे आणि जुनं पुढे. आपल्या आज्या याला बेगमी म्हणायच्या. तूरडाळीला आणि गव्हाला एरंडेलाचा हात, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला. पाऱ्याच्या गोळ्या काही घरांत अजून धान्यात टाकतात, त्या कृपा करून टाकू नका, पारा विषारी असतो.

चूल न पेटवता चौघांचं पोट दोन दिवस भरेल का, हे बघा. आमच्या गुरुवारचा बेत : सकाळी गुळाच्या पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ (सासूबाईंना चावावं लागत नाही), दुपारी दडपे पोहे. पातळ पोहे, कांदा, ओलं खोबरं, लिंबू, मिरची, आणि फोडणीऐवजी कच्चं तेल नि कुटलेले शेंगदाणे. रात्री खाकरे, दाण्याची चटणी, दही-मेतकूट. मूग भिजवून मोड आणले की भाजीवाला न येताही दोन दिवसांत ताजं खाणं मिळतं. खिडकीतल्या कुंड्यांत कढीपत्ता, ओवा, गवती चहा, पुदिना आहे. चवीला आणि सर्दीला त्यांचा आधार होतो, पोट त्यांवर भरत नाही. बाल्कनीत घरापुरती भाजी पिकते असं कोणी सांगितलं तर आधी त्यांची बाल्कनी किती मोठी ते विचारा.

गॅस संपत आला असेल तर भाताला उकळी आणून, पाच मिनिटं शिजवून पातेलं झाकणासकट दोन गोधड्यांत घट्ट गुंडाळून ठेवा. पाऊण-एक तासात भात आपल्या वाफेवर होतो. सिलिंडर घेताना कड्यावरचं अक्षर आणि साल बघा : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी पुढचे तीन-तीन महिने. ती त्याच्या पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर परत करा. केशरी नळी पाच वर्षांनी बदला. वास आला तर कोणतंही बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि बाहेरून १९०६.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच टाकू नका. गॅस बंद करायचा आणि वरून झाकण सरकवायचं.

फोन

मुलगा दिवसा हिंजवडीत असतो. एका गुरुवारी त्याला विचारलं, फोन न बघता माझा नंबर सांग. त्याला येईना, नवऱ्यालाही येईना. आता कपाटाच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवला आहे : आमचे सगळ्यांचे नंबर, वरच्या काकूंचा, नाशिकच्या नणंदेचा, आणि ११२, १०८, अग्निशमनाचा १०१, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, विजेचा १९१२. पुण्यात एकमेकांचा फोन लागला नाही तर प्रत्येकाने नणंदेला कळवायचं. फोन लागत नसताना मेसेज बऱ्याचदा जातो. तेही झालं नाही तर अरण्येश्वर मंदिरापाशी भेटायचं ठरलंय. पावसाळ्यात सेलवर चालणारा रेडिओ हाताशी असतो.

शेजार

त्या रात्री आम्हाला वाचवलं ते वरच्या दाराने. म्हणून इमारतीतल्या बारा घरांची एक यादी केली आहे : कोण एकटं असतं, कोणाला जिना चढवत नाही, कोणाचं डायलिसिस असतं, कोणाच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे. यादी दोघांकडेच असते, भिंतीवर लावायची नाही.

सासूबाईंना वर न्यायचं कसं, हे आम्ही करूनच पाहिलं. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची चालत नाही, हात वाकतात. लाकडी खुर्ची घेतली, सासूबाईंना ओढणीने छातीशी बांधलं, मागून मुलगा, पुढून शेजारचा जोशांचा मुलगा, मी बाजूला टॉर्च धरून. पहिल्या वेळी सात मिनिटं लागली. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकत होती, तिथे पहिल्या मजल्यावरच्यांचा चपलांचा स्टँड होता. त्यांना बोलावून दाखवलं. पुढच्या गुरुवारी स्टँड आत गेला होता आणि आम्हाला तीन मिनिटं लागली. वर पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता मला खाली नेऊ नका लगेच, काकूंकडे चहा घेते." काकूंनी तो त्यांच्या जारमधल्या पाण्याचा केला.