वस्तीवर माता गट कसा उभारावा आणि तो कसा टिकवावा

तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत दिवसाचे काही तासच असते. उरलेला सारा वेळ ते घरात, ओट्यावर, गोठ्यात, नाहीतर मोठ्या भावंडांच्या मागे फिरत घालवते आणि त्याचे बरेचसे शिकणेही तिथेच होते. त्यामुळे बालशिक्षणाचे काम गावाने हाती घ्यायचे असेल, तर वर्षातून दोनदा पालकसभा भरवून भागत नाही. घराघरांतील या वेळेपर्यंत पोहोचेल अशी एखादी छोटी, जवळची व्यवस्था लागते आणि वस्तीवरचा माता गट, म्हणजे शेजारपाजारच्या आयांचा छोटा गट, ही त्यांतली सर्वांत कमी खर्चाची व्यवस्था आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सहभागी झाल्या. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही चालवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. मात्र तिला इमारत, नोंदवह्या आणि पोषण आहाराचा हिशेब मिळाला, तसे अंगण थोडे मागे पडले. माता गटाचे काम त्या अंगणातच करायचे आहे.

सुरुवात यादीपासून करावी. अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण नोंदवहीत वस्तीतील सर्व मुलांची नोंद असते, म्हणून पहिल्या दिवसापासून तिला बरोबर घ्यावे. तिला वगळून एखाद्या मंडळाने वा संस्थेने परस्पर गट काढले, तर ते त्या संस्थेची माणसे येत असेपर्यंतच चालतात. यादी हातात आली की वस्ती पायी फिरून पाच-सहा घरांचा एक गट ठरवावा. गट ठरवताना जात, भावकी किंवा बचत गट यांपेक्षा अंतर पाहावे. चुलीवर ठेवलेल्या डाळीकडे लक्ष ठेवून बाईला जिथवर येता येईल, तिथवरच गटाची हद्द असावी. शेजारच्या दोन घरांत बोलणे बंद असेल, तर मात्र हा नियम खुशाल मोडावा.

प्रत्येक गटातून एक लीडर माता, म्हणजे गट चालवणारी आई, निवडावी. राज्यात शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ उपक्रमामुळे हा शब्द आता गावागावांत रुळला आहे. निवड करताना सर्वांत जास्त शिकलेली बाई कोण, असे न पाहता कोणाच्या ओट्यावर इतर बायका सहज टेकतात ते पाहावे. वाचता न येणारी बाईही हे काम उत्तम करू शकते; आयडिया कार्डावरचा, म्हणजे घरी करायच्या कृती सांगणाऱ्या कार्डावरचा, मजकूर वाचून दाखवायला घरातले पाचवी-सहावीतले मूल पुरते.

बैठक आठवड्यातून एकदाच घ्यावी आणि ती अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. वेळ बायकांनी ठरवावी. भातलावणीच्या दिवसांत ती रात्री जेवणानंतरची असेल, तर कापूस वेचणीत कदाचित आठवडी बाजाराच्या दिवशीची. बैठकीत भाषण नसावे, सत्कार तर मुळीच नसावा, कारण शाल-श्रीफळ आले की निम्मा वेळ तिथेच संपतो. बैठकीत एकच कृती करून पाहावी आणि ती आठवडाभर घरी करायला द्यावी.

वानगीदाखल वर्गीकरणाची कृती घेऊ. सुपात मूठभर वाल, चवळी आणि हरभरे एकत्र करून मुलापुढे ठेवावेत आणि ‘सारखे सारखे एकत्र ठेव’ एवढेच सांगावे. मूल चुकते आहे असे वाटले की आईचा हात आपोआप पुढे जातो. तो आवरणे हेच या बैठकीत शिकायचे असते. एखादे मूल वाल आणि चवळी एकाच ढिगात टाकते, तेव्हा त्याला रागावण्याऐवजी ‘हा इथे का ठेवलास?’ असे विचारावे. ‘हे फुटके आहेत’ असे उत्तर आले, तर मुलाने धान्याच्या जातीऐवजी अखंड आणि फुटके असा निकष लावलेला असतो आणि तोही तितकाच बरोबर असतो. एक काळजी मात्र घ्यावीच लागते. तीन वर्षांखालील भावंड जवळ असेल, तर दाणे नाकात किंवा घशात अडकण्याची भीती असते, म्हणून अशा घरी बांगड्या, चमचे किंवा मोठी पाने घ्यावीत.

कृतीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व गप्पांना आहे. भाकरी थापताना मूल शेजारी बसलेलेच असते. ‘बाबांची भाकरी मोठी करू की तुझी? पीठ उरेल का? आता किती भाकऱ्या झाल्या?’ अशा प्रश्नांतून लहान-मोठे, कमी-जास्त आणि मोजणी या सगळ्यांची ओळख होते आणि त्यासाठी आईला वेगळा वेळ काढावा लागत नाही. या गप्पा घरच्या बोलीतच व्हाव्यात, मग ती वारली असो, अहिराणी असो की कोरकू. मूल शाळेत मागे पडेल या भीतीने पालक मोडकीतोडकी प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलू लागतात, तेव्हा त्यांचे बोलणे दोन-चार हुकमांपुरते आटते आणि मुलाचे नुकसानच होते.

‘अंगणवाडीत नुसते खेळवतात, तिकडे नर्सरीत मुले एबीसीडी लिहितात,’ ही तक्रार प्रत्येक वस्तीत ऐकू येते. तिच्यावर वाद घालत बसू नये. मातीचे गोळे करणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे यांनी बोटांत ताकद आणि वळण येते आणि मगच पेन्सिल नीट धरता येते, हे त्याच मुलाच्या हातून पालकांना दाखवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृतींवर भर दिला आहे, हेही सांगावे.

वडील बैठकीला सहसा येत नाहीत. त्यांना बोलावण्यापेक्षा काम द्यावे. लाकडाचे ठोकळे तासणे, चिंध्यांचा चेंडू बांधणे, अंगणवाडीच्या भिंतीला फळ्याचा रंग देणे, अशा कामांना ते येतात आणि वस्तू तयार झाली की मुलाबरोबर खेळतातही. आजी-आजोबांकडे गोष्टी असतात; त्यांना महिन्यातून एकदा अंगणवाडीत आणून बसवावे. व्हॉट्सअ‍ॅप गट जरूर करावा, पण पुष्कळ घरांत फोन बापाच्या खिशात असतो हे ध्यानात ठेवून महत्त्वाचा निरोप तोंडीच पोहोचवावा.

खर्च थोडाच असतो, पण तो वर्गणीवर ठेवू नये. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. सतरंजी, चित्रांची पुस्तके आणि रंग यांची मागणी लीडर मातांनी लेखी द्यावी आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. चार बायका एकत्र उभ्या राहिल्या की ठराव लवकर होतो, असा अनेक गावांचा अनुभव आहे.

ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास गट फुटतो, कारण मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. अशा वेळी टोळीबरोबर जाणाऱ्या एका बाईकडे आयडिया कार्डे आणि दोन-तीन पुस्तके एका पिशवीत द्यावीत, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांच्या (झोपड्यांच्या) ठिकाणी जवळची अंगणवाडी कोणती ते सेविकेकडून विचारून घ्यावे आणि पोषण आहार तिकडे मिळावा म्हणून तिच्यामार्फत तिकडच्या सेविकेला कळवावे.

उन्हाळ्यात शाळापूर्व तयारी मेळावा होतो, तेव्हा मुलाला काय काय जमते याच्या नोंदी त्याच्या विकास पत्रावर होतात. मेळाव्याच्या आधी लीडर मातेने गटातील प्रत्येक मुलाला घरी काय जमते आणि कशात अडते, ते पहिलीच्या शिक्षकांना समक्ष सांगावे. जूनमध्ये मोठी मुले शाळेत गेली की त्यांच्या आयांनी गट सोडण्यापूर्वी निदान दोन बैठकांना नव्या आयांबरोबर बसावे आणि त्यानंतरच नवी लीडर माता निवडावी.