वस्तीत सर्व्हेला निघालात? कॉलेजच्या रिसर्च सेंटरवाल्यांनो, या चुका टाळा

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट मिळायला लागलेत, त्यामुळे मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत एखादं तरी 'लोकसेवा संशोधन केंद्र' निघालंय, बोर्ड लागलाय, उद्घाटनाचे फोटो पण टाकून झालेत. आणि मग जूनमध्ये पोरांना घेऊन वस्तीत गेलं की मला फोन येतात, "मॅडम, लोक फॉर्मच भरत नाहीयेत, काय करू?" मी अशाच एका सेंटरमध्ये काम करते, यातल्या जवळजवळ सगळ्या चुका स्वतः करून झाल्यात, म्हणून लिहितेय.

सगळ्यात पहिली गडबड शब्दातच आहे. तुम्ही दारात उभं राहून म्हणता, "आम्ही सर्व्हेला आलोय." आता मुंबईतल्या झोपडपट्टीत सर्व्हे म्हणजे काय? एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन. घराला पात्र की अपात्र. 1 जानेवारी 2000 ही तारीख वस्तीतल्या म्हाताऱ्यांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ असते, कारण त्याआधीचा पुरावा असला तर फुकट घर आणि नसला तर फुकटचं घर गेलं. त्यामुळे तुमचा प्रश्न पाणी नाहीतर आरोग्याबद्दलचा असला तरी समोरचा माणूस मनात फोटोपास (झोपडीचं सरकारी ओळखपत्र) शोधत असतो. मग "इथे कधीपासून राहता?" विचारलं की आख्खी गल्ली सांगते, 1995 च्या आधीपासून. "वर पोटमाळ्यावर कोणी भाडेकरू आहे का?" तर नाही, कोणीच नाही, आणि तेवढ्यात शिडीवरून डबा घेतलेला एक पोरगा खाली उतरतो. तो खोटेपणा नाही हो, ती सावधगिरी आहे. तुम्ही मात्र ते जसंच्या तसं एक्सेलमध्ये भरता आणि 'स्थलांतराचे प्रमाण कमी' असा निष्कर्ष काढून मोकळे होता.

उपाय सोपा आहे पण वेळखाऊ आहे. सर्व्हे शब्द वापरूच नका, कोणत्या कॉलेजातून आलोय, कशासाठी आलोय, हे कागद एसआरएकडे जाणार नाहीत, एवढं आधी सांगा. आणि ते तुम्ही सांगण्यापेक्षा तिथल्या अंगणवाडी सेविकेने किंवा बचत गटाच्या ताईंनी सांगितलेलं बरं, कारण तुमच्या गळ्यातल्या आयकार्डवर कोणाचा भरवसा नसतो. नाव, आधार, घर नंबर खरंच लागत नसेल तर विचारूच नका. राहण्याचा काळ तुमच्या विषयाला लागत नसेल तर तो प्रश्न पण काढून टाका. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये 64 प्रश्न होते, त्यातले निम्मे 'असू देत, पुढे कामाला येतील' म्हणून घातलेले. एकही आला नाही.

टायमिंग. कॉलेज अकराला सुरू होतं म्हणून तुम्ही अकराला जाता. ज्या गल्लीत पहाटे साडेचारला तासभर पाणी येतं तिथल्या बायका त्या वेळी एकतर कामावर गेलेल्या असतात नाहीतर नुकतं अंग टाकलेलं असतं. मानखुर्दला एकदा आम्ही अशाच अकरा वाजता गेलो, एक मावशी ड्रमवर झाकण ठेवत होत्या, त्यांनी आमच्याकडे न बघताच विचारलं, "मागच्या वर्षी पण आला होतात ना? मग नळाचं काय केलंत?" आम्ही मागच्या वर्षी आलोच नव्हतो, ते दुसऱ्या कॉलेजवाले होते, पण हे त्यांना कशाला सांगायचं? त्यांच्यासाठी टॅब घेतलेला प्रत्येक पोरगा एकच. गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व वॉर्ड तर अभ्यास करून करून झिजलाय, देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे, बाहेरून कितीतरी लोक येतात, त्यामुळे तिथे जाण्याआधी कोणी काय करून ठेवलंय ते शोधा आणि जमलं तर तेच पुढे न्या. मे महिन्यात आणि गणपतीत कोकणातल्या लोकांच्या वस्तीत जाऊ नका, निम्म्या दारांना कुलूप असतं. रमजानमध्ये संध्याकाळी तर अजिबात नको.

आणि पाणी तुंबण्याचा अभ्यास डिसेंबरमध्ये करू नका! हसू नका, होतं असं. परवानग्या मिळेपर्यंत पाऊस संपतो आणि मग पोरं कोरड्या गटाराजवळ उभी राहून विचारतात, पाणी कुठपर्यंत येतं.

भाषेचं सांगायचं तर फॉर्म इंग्रजीत बनतो आणि मग कोणीतरी त्याचं मराठी करतं. 'घनकचरा व्यवस्थापन सेवेबाबत आपण किती समाधानी आहात? 1 ते 5 गुण द्या.' याला सगळे 3 देतात. त्यापेक्षा "काल कचऱ्याची गाडी आली होती का?" विचारा, मग बघा कसं धो धो उत्तर येतं. हिंदीतला कागद पण बरोबर ठेवा, आणि कागदच ठेवा, आतल्या गल्लीत नेटवर्क गेलं की गूगल फॉर्म गोल गोल फिरत बसतो.

आता आमची एक लाजिरवाणी चूक. घरातल्या आजारपणाची माहिती घेतली होती, त्यात टीबीचा एक रकाना होता, आणि एका पोराने ती शीट घर नंबरासकट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपमधली दोन मुलं त्याच वस्तीत राहणारी. वीस मिनिटांत डिलीट केली पण वीस मिनिटं खूप असतात. 2023 चा डेटा प्रोटेक्शन कायदा राहू दे बाजूला, उद्या त्या घरच्या मुलीचं लग्न ठरायचं असेल तर? तेव्हापासून नावं आणि उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये, आणि नावांची फाइल एकाच माणसाकडे.

रिपोर्ट घेऊन वॉर्ड ऑफिसला गेलात की तिथे नवीनच प्रकरण. जमीन कोणाची, हे आधी न बघता जाल तर "ही आमची हद्द नाही" ऐकून परत याल. मुंबईत एकाच नाल्याच्या अलीकडची झोपडी कलेक्टरच्या जमिनीवर आणि पलीकडची रेल्वेच्या असू शकते, संडास म्हाडाने बांधलेला आणि टाकी उपसायची कोणी यावर वाद चालू. त्यामुळे पन्नास पानी रिपोर्ट एकाला देण्यापेक्षा पाण्याचं पान जलखात्याला, कचऱ्याचं घनकचरावाल्यांना, असं फोडून द्या, प्रत्येकाची पोच घ्या. तोपर्यंत तुंबलेल्या गटाराची तक्रार महापालिकेच्या 1916 हेल्पलाइनवर त्या गल्लीतल्याच कोणाकडून करवून घ्या, म्हणजे तक्रार नंबर त्यांच्याकडे राहतो.

लोकांना नुसतं उत्तरं देणारे समजू नका, मोजायला पण घ्या. फुटपाथवाल्यांना हटवण्यावरच्या ऑल्गा टेलिस केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल 1985 चा, त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याकडच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची गणती केली ती तिथल्या बायकांना बरोबर घेऊन, आणि पुढे त्यातूनच महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली. आम्ही एवढं मोठं काही केलं नाही, फक्त तीन ताईंना पोरांच्या बरोबरीने मानधन देऊन घेतलं. तर त्यांनी नकाशात आम्ही चालू दाखवलेले दोन संडास पहिल्याच दिवशी पेनाने खोडले, एक दरवाजा नसलेला आणि एक कुलूप लावलेला.

राहिलं निकाल परत सांगायचं. रविवारी दुपारी सभा लावली की चार माणसं येतात, त्यातला एक चहावाला. गणेशोत्सवाचा मंडप असेल तर मंडळाला आधी विचारून आरतीच्या आधीची पंधरा मिनिटं मागून घ्या, माइक असतो, खुर्च्या असतात, बायका-पोरं सगळी असतात. पीपीटी नको, एक मोठा फ्लेक्स आणि पाच गोष्टी बस. पण आरतीच्या आधीच, प्रसाद वाटून झाला की एक माणूस थांबत नाही.