वेल उपटण्याआधी थोडं थांबा: आश्विनातल्या परसबागेची कामं

घटस्थापनेच्या आसपास बहुतेक घरांत एकच घाई दिसते. पावसाळी वेल थकलेले असतात, पानं पिवळी पडलेली असतात, म्हणून सगळं उपटून उकिरड्यावर टाकायचं, जागा मोकळी करायची आणि बाजारातून मेथी-पालकाच्या पुड्या आणून फोकून द्यायच्या. माझं कळकळीचं सांगणं आहे की वेलाला हात लावण्याआधी थोडं थांबा. पुढच्या जूनचं बियाणं त्याच वेलावर लटकतंय.

तशीही घाई करून उपयोग नसतो. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्र लागतं. 'पडेल हत्ती (म्हणजे हस्ताचा पाऊस) तर कोसळतील भिंती' हे जुन्या माणसांनी उगाच म्हटलेलं नाही. सकाळी कडक ऊन, चारच्या सुमाराला गडगडाट आणि तासाभरात अंगणात तळं, असा हा पाऊस. त्यात नुकतं फोकलेलं बी वाहून कडेला गोळा होतं. महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. तोवरचा वेळ बियाणं धरायला आणि जमीन तयार करायला वापरावा.

बियाण्याचं फळ कसं राखावं

आधी वेल निवडावा, मग फळ. ज्या वेलावर केवडा (पानांवर पिवळे डाग पाडणारा रोग) कमी आला आणि ज्यानं शेवटपर्यंत फळं दिली, तो वेल बियाण्याचा. मरगळलेल्या वेलावर एखादं फळ मोठं दिसलं तरी त्याला भुलू नये. निवडलेल्या फळाच्या देठाला जुन्या लुगड्याची रंगीत चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे घाईच्या दिवशी कुणी ते भाजीला तोडणार नाही.

दोडका आणि घोसाळं वेलावरच पूर्ण वाळू द्यावं. साल तपकिरी होते, फळ हाताला एकदम हलकं लागतं आणि हलवलं की आत बिया खुळखुळतात. टोकाकडची टोपी अंगठ्यानं दाबली की टचकन निघते. फळ उलटं धरून झटकलं की काळ्या बिया आपसूक सुपात पडतात. मग उरलेलं फळ पाण्यात टाकून ठेवावं. साल भिजून सुटते आणि आत मिळते ती पांढरट जाळी. ती उन्हात वाळवली की अंग घासायला आणि भांडी घासायला वर्षभराची घासणी झाली. दोडक्यापेक्षा घोसाळ्याची जाळी जास्त मऊ आणि भरदार असते. घरात लहान मुलं असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावं. टोपी उघडण्यासाठी ती भांडतात, एवढी मजा त्यांना वाटते.

काकडी पिवळी-तांबूस होऊन मऊ पडेपर्यंत वेलावर ठेवावी. वांगं पार पिवळं होऊ द्यावं, मिरची लालभडक. भेंडीची शेंग वाळते, पण तडकण्याआधी काढावी, नाहीतर बी मातीत जातं. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत काढून दोन दिवस तसंच ठेवावं. गर आंबतो, बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं आणि चांगलं बी तळाशी बसतं. वर तरंगणारं पोकळ बी फेकून द्यावं आणि खालचं धुऊन वाळवावं.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्याव्यात. संकरित वाणाचं बी धरू नये. त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. कुठलं फळ लांब, कुठलं आखूड, कुठलं बेचव. दुसरं, दुधी, दोडका, कारलं, काकडी यांच्या नर आणि मादी फुलांमध्ये पराग नेण्याचं काम मधमाश्या आणि इतर कीटक करतात. शेजारच्या परसात दुसरा वाण असेल तर सरमिसळ होते. चवळी, घेवडा, वाल, गवार आणि टोमॅटो यांचं परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. ज्यांना पहिल्यांदाच बी धरायचंय त्यांनी घेवडा किंवा चवळीपासून सुरुवात करावी.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती असंच घरचं गावरान बियाणं सांभाळल्याबद्दल. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी बी कुलपात ठेवलं नाही, बायकाबायकांत वाटलं. तुमच्याकडं वालाचा एखादा जुना वाण असेल, तर मूठभर बी दोन-तीन घरांत नक्की द्या. एका घरचं बियाणं किडलं तर दुसऱ्या घरी शिल्लक राहतं.

बी वाळवताना सकाळचं कोवळं ऊन द्यावं आणि नंतर सावलीत हवेशीर जागी पसरावं. ऑक्टोबरच्या दुपारी पत्र्यावर टाकलेलं बी भाजून निघतं आणि त्याची उगवण जाते. भोपळवर्गी बी वाकवल्यावर वाकलं तर ते अजून ओलं आहे, कटकन मोडलं तर वाळलं. डाळवर्गी बियांना भुंगा लवकर लागतो, म्हणून त्यांना चाळलेली चुलीची राख चोळून काचेच्या बरणीत भरावं, वर वाळलेला कडुनिंबाचा पाला. बरणीवर नाव, वाण आणि वर्ष लिहायला विसरू नये. दुधी आणि भोपळ्याच्या बिया फाल्गुनात सारख्याच वाटायला लागतात.

घटातली परीक्षा

घट बसवताना पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरतो. तिथं दुकानातलं धान्य टाकण्याऐवजी, ज्या ज्वारीचं, गव्हाचं, हरभऱ्याचं बी रब्बीत पेरणार आहात तेच वापरावं. पूजा साग्रसंगीत होतेच, शिवाय बियाण्याचा कस कळतो. नेमकी टक्केवारी हवी असेल तर वेगळा प्रयोग करावा: ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर १०० दाणे ओळीनं मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि गोणपाट ओलं राहील एवढंच पाणी शिंपडावं. आठवडाभरात किती दाण्यांना धडधाकट मोड आले ते मोजावं. ७० च्या खाली आकडा आला तर बियाणं बदलावं. अगदीच दुसरं मिळत नसेल तर तेवढं प्रमाण वाढवून पेरावं.

वाफे आणि पेरणी

जमिनीला वापसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल जाऊन माती मोकळी झाल्याशिवाय, कुदळ लावू नये. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटानं ढकलावा. गोळा फुटला तर वापसा आहे, चिकटून राहिला तर अजून दोन दिवस थांबावं. ओल्या काळ्या जमिनीत केलेली खोदाई ढेकळं करून ठेवते आणि ती ढेकळं हिवाळाभर फुटत नाहीत. वाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. कच्चं खत टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवीला आमंत्रण.

कोबी, फुलकोबी, टोमॅटो, वांगी यांची रोपं करायची तर गादीवाफा हवाच. रुंदी मीटरभर, उंची १५ सेंटिमीटर. सपाट वाफ्यात हस्ताचं पाणी साचलं की रोपांची बुडं कुजून ती एका रात्रीत आडवी होतात. ट्रायकोडर्मा (रोपं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिळत असेल तर शेणखतात मिसळून वाफ्यात द्यावं. साधारण चार ते सहा आठवड्यांत रोपं लावणीला येतात.

मेथी चार-पाच दिवसांत वर येते. कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून लोक धीर सोडतात आणि त्याच जागी पुन्हा काहीतरी पेरतात. धणे हलकेच रगडून दोन करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मगच पेरावेत. ऑक्टोबरचं ऊन कोथिंबिरीला आणि कोवळ्या रोपांना सोसत नाही. चार काठ्या रोवून वरून जुनी सुती साडी बांधावी. दुपारी अकरा ते चार सावली, बाकी वेळ साडी गुंडाळून ठेवायची. विकतची हिरवी जाळी लागत नाही. मुळा आणि गाजर मात्र उघड्यावर, आणि जिथं वाढवायचं तिथंच पेरावं, रोपं करून लावू नये.

कीड-रोगाचं थोडक्यात सांगते. वेलाखाली पडलेली किडकी फळं रोज उचलून खोल पुरावीत. फळमाशीची पुढची पिढी त्यातूनच येते. गोगलगाईंसाठी संध्याकाळी ओलं गोणपाट पसरावं, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगाई काठीनं उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, उघड्या हातानं धरू नयेत. मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारावी.

घरातली कामं

याच उन्हात अंथरूण-पांघरूण बाहेर काढावं. चार महिन्यांची दमट हवा वाकळीत मुरलेली असते. आज उन्हात टाकली आणि उद्या घडी केली, असं करू नये. लागोपाठ दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंनी उलटीपालटी करावी. विरलेली सुती लुगडी आणि धोतरं निवडून नव्या वाकळीचे थर लावायला हीच वेळ चांगली. आत जाड तुकडे, वर-खाली लुगडं, आणि कडेकडून मध्याकडं येणारा धावदोरा. नायलॉनची साडी आत घालू नये, घाम धरत नाही आणि थरही घसरतात. ती मांडवाला दोर म्हणून पिळून वापरावी.

कुंड्यांखालच्या थाळ्या, करवंट्या, टायर, फुटके डबे आठवड्यातून एकदा पालथे करावेत. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि पाऊस संपताना रुग्ण वाढतात. लाकडाचा ढीग आणि उंच गवत भिंतीपासून लांब ठेवावं. भात कापणीच्या दिवसांत साप अंगणापर्यंत येतात, तेव्हा परसात रात्री बॅटरीशिवाय जाऊ नये.

लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावा. गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडाव्यात, बारीक पाकळ्या फोडणीला. टोक वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल, पाकळीपाकळीत १० सेंटिमीटर अंतर ठेवून लावाव्यात. पाकळ्या फोडून फार दिवस ठेवल्या तर त्या सुकतात, म्हणून वाफा तयार झाल्यावरच गड्डे फोडावेत.