फणसावरून मातीचे शिल्प घडवताना

फणसाची हुबेहूब प्रतिकृती करायची असेल तर साचा पुरतो. शिल्प घडवायचे असेल तर फणस वाढतो कसा, हे आधी पाहावे लागते. फणस हा असंख्य फुलांचा मिळून झालेला समूह असतो आणि सालीवरचा एकेक काटा म्हणजे त्यातल्या एकेका फुलाचा माथा. म्हणूनच काटे एकमेकांना खेटून, बुडाशी साधारण षट्कोनी आकार घेऊन बसलेले दिसतात. कोवळेपणी ते टोकदार आणि दाट असतात, फळ तयार होत जाते तसे बोथट होऊन एकमेकांपासून दूर सरकतात. उन्हाळ्यात गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेत, या अवस्था शेजारीशेजारी पाहायला मिळतात. तिथे बसून रेखाटने करावीत, कारण छायाचित्रात काट्याचा उतार नीट कळत नाही. आपला फणस कोवळा की पिकायला आलेला, हेही तिथेच ठरवावे.

डिचोलीकडचे कुंभार वापरतात तशी तांबडी माती या कामाला चालते. मात्र मोठ्या आकारासाठी तिच्यात भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, सुमारे पाचवा हिस्सा मिसळून ती चांगली मळावी. ओल्या अवस्थेपासून भाजून होईपर्यंत माती साधारण दहावा हिस्सा आटते, असे धरून तयार शिल्प ३० सेंटिमीटर हवे असल्यास रचना ३३ ते ३४ सेंटिमीटरची करावी.

आकार पोकळच घ्यावा. वळ्या एकावर एक रचून, आतून-बाहेरून सांधत, भिंत सगळीकडे एक ते दीड सेंटिमीटर जाड ठेवावी आणि तळाला एक छिद्र राखावे. माती चामड्यासारखी घट्ट झाली की तिच्यावर दोन दिशांनी तिरप्या रेषा आखून घ्याव्यात, म्हणजे काट्यांची मांडणी चुकत नाही. प्रत्येक काट्याच्या जागी ओरखडे काढून, त्याच मातीची दाट स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, लावून काटा दाबून बसवावा. सगळे काटे एकाच मापाचे केले की शिल्प खेळण्यासारखे दिसू लागते. देठाकडे ते लहान आणि दाटीवाटीने, मध्यावर रुंद, असे बदलते ठेवावेत.

खरी कसोटी वाळवण्यात आहे. काटे अंगापेक्षा आधी वाळतात, आटतात आणि बुडाशी सुटतात, म्हणून त्यांच्यावर प्लास्टिक सैल पांघरून ते रोज थोडे थोडे उघडावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत वरून कोरडी वाटणारी भिंत आत ओलसर असू शकते. त्या दिवसांत भट्टीची घाई करू नये. भट्टीत शिल्प फुटते ते आत अडकलेल्या हवेमुळे, असा समज आहे; बहुतेक वेळा दोष मातीत उरलेल्या पाण्याच्या वाफेचा असतो. त्यामुळे पहिले काही तास तापमान १०० अंश सेल्सिअसच्या खालीच रोखावे आणि पुढेही सावकाश चढवावे. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचे आकारमान एकदम बदलते, तो टप्पा चढताना आणि निवतानाही संथपणे ओलांडावा. तांबड्या मातीला ९५० ते १००० अंश पुरतात.

हिरवी झिलई देण्याचा मोह टाळलेला बरा. लोहाच्या ऑक्साइडचे पातळ पाणी सर्वत्र लावून ओल्या स्पंजने टोके पुसून घ्यावीत आणि पुन्हा भाजावे. खाचा गडद राहतात आणि काटे उठून दिसतात. शिल्प अंगणात ठेवायचे असल्यास तळातले छिद्र मोकळे राहील असे उचलून बसवावे. सच्छिद्र मातीवर गोव्याच्या पावसात शेवाळ धरतेच. ते नको असेल त्याने शिल्प पडवीत ठेवावे.